सांगाडा भंगारात काढण्याआधी : संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व संचालक,
आमच्या भागातील तंत्रशिक्षण संस्था, बेळगाव

स. न. वि. वि.

संस्थेचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. माझं भांडण संस्थेशी नाही, तिच्या एका ठरावाशी आहे. जिथे मी ९ वर्षं दर शनिवारी विमानाचं नियंत्रण शिकवायला बिनपगारी आलो, त्या वास्तूचं नाव खराब करायची माझी इच्छा नाही. पण आपल्याला दोन पत्रं दिली, दोन्हींना उत्तर आलं नाही, म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांसमोर ठेवतो आहे.

ठराव मला कळला तो एका विद्यार्थ्याच्या फोनवरून. "मामा, आपला सांगाडा भंगारात घालायलेत. बोर्डावर नोटीस लावल्यात. तुम्हाला कोण काय सांगितलं नाही काय?" मला खरंच कुणी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी येऊन नोटीस वाचली. कार्यशाळेतलं 'जुने यांत्रिक प्रात्यक्षिक साहित्य', म्हणजे विमानाच्या नियंत्रणाचा आमचा सांगाडा, वजनावर विकायचं, ती जागा संगणक कक्षाला द्यायची आणि शनिवारचा वर्ग बंद करायचा. कारण एका ओळीत दिलं आहे : आधुनिक विमानं संगणकावर चालतात, त्यामुळे तारा आणि पुल्यांचं शिक्षण कालबाह्य झालं आहे.

ज्यांनी तो सांगाडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्यशाळेच्या भिंतीला लागून अँगलचा २२ फूट लांब घोडा आहे. एका टोकाला खुर्ची, तिच्यापुढे दांडा, पायाशी दोन पेडल. दुसऱ्या टोकाला विमानाची शेपटी : आडव्या पंखाला एलिव्हेटर (विमानाचं नाक वरखाली करणारी फळी), उभ्या पंखाला रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी). पत्रा मुलांनी कापला, रिव्हेट मुलांनीच मारले. मधे पोलादी तार, पुल्या, बेलक्रँक (ओढीची दिशा बदलणारा कोनातला तुकडा) आणि टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा जोड). दांडा मागे ओढला की २२ फुटांवरचा एलिव्हेटर वर उठतो. ही झाली पहिली अवस्था.

दुसऱ्या अवस्थेत तार थेट एलिव्हेटरला न जाता एका हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरच्या, व्हॉल्व्हला जाते आणि जोर सिलिंडर लावतो. पंप आणि व्हॉल्व्ह मच्छेच्या एका वर्कशॉपने मुलांची धडपड बघून दिले. तिसऱ्या अवस्थेत तार सोडून टाकायची. दांड्याखाली सेन्सर, टेबलावर छोटासा संगणक. दांडा किती हलला हे संगणक वाचतो आणि व्हॉल्व्हला हुकूम देतो. समोर एक मोठा पंखा लावला की वाऱ्यात फिरणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या आहेत. वारा शेपटीवर कोणत्या कोनातून येतो ते त्या संगणकाला सांगतात. कोन जास्त झाला की तुम्ही दांडा कितीही ओढा, संगणक एलिव्हेटर पुढे उठू देत नाही.

राइट बंधूंनी १९०३ च्या डिसेंबरात तारांनी पंख पिळून विमान सावरलं, तिथपासून आजच्या एअरबसपर्यंतचा रस्ता या २२ फुटांत मुलांना हाताने चालता येतो. तो उभा करायला आम्हाला चार वर्षं लागली.

आता मी कोण, हेही सांगायला हवं. मी हवाई दलात २० वर्षं एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या अंगाची देखभाल करणारा, होतो. घर सांबऱ्याच्या बाजूला. ही धावपट्टी १९४२ साली इंग्रजांच्या हवाई दलाने महायुद्धासाठी बांधली. आमच्या आजोबांच्या पिढीने त्या कामावर खडी वाहिलेली. त्याच सांबऱ्यात आज हवाई दलाचं एअरमन प्रशिक्षण विद्यालय आहे. मुतगा, बाळेकुंद्री, मारीहाळच्या शेतांवरून विमान उतरताना बघत मोठी झालेली मुलं माझ्या वर्गात येतात.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. तीच मला या सांगाड्यापर्यंत घेऊन आली, म्हणून लिहितो. एका विमानाच्या एलिव्हेटरची तार बदलली होती. संध्याकाळ होत आली होती, बारीक पाऊस होता. सगळ्या टर्नबकलना लॉकवायर (ते फिरू नयेत म्हणून बांधायची बारीक तार) घातली असं मी समजलो आणि सही केली. नियंत्रणाच्या कामावर दुसऱ्या माणसाची स्वतंत्र तपासणी व्हावीच लागते. तपासायला आलेल्या सार्जंटनी डोळ्यांनी बघितलं नाही, प्रत्येक टर्नबकलभोवती बोट फिरवलं. आतल्या कोपऱ्यातल्या एकाला वायर नव्हती. नुसत्या थरथरीने तो हळूहळू उलगडला असता, तार ढिली पडली असती, आणि कधीतरी हवेत दांडा ओढूनही एलिव्हेटर उठला नसता. ते ओरडले नाहीत. त्यांनी मी घातलेल्या सगळ्या वायरी कापल्या आणि पहिल्यापासून घालायला लावल्या. मग मला कॉकपिटमध्ये बसवून दांडा हलवायला सांगितला आणि विचारलं, "उद्या इथे कोण बसणार आहे, नाव माहीत आहे?" दुसऱ्या दिवशी ते विमान उडून परत उतरेपर्यंत मी धावपट्टीच्या कडेला उभा होतो.

तो बोट फिरवण्याचा धडा पडद्यावर शिकवता येत नाही. आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार नोटिशीत दिलेल्या कारणाबद्दल आहे. ते कारण चुकीचं आहे. तारा कालबाह्य झालेल्या नाहीत. जे एटीआर ७२ आपण सांबऱ्याला उतरताना पाहिलं आहे, त्याचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलंडवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या), एलिव्हेटर आणि रडर आजही तारा आणि दांड्यांनी, वैमानिकाच्या हातापायांच्या जोरावर हलतात. देशातल्या छोट्या धावपट्ट्यांवर जाणारी कितीतरी विमानं याच बनावटीची आहेत. फ्लाय-बाय-वायरचं, म्हणजे तारेऐवजी संगणकाच्या विजेच्या हुकमावर चालणाऱ्या नियंत्रणाचं, नाव निघालं की सगळे ज्याचं उदाहरण देतात ते ए-३२०, १९८७ साली पहिल्यांदा उडालेलं; त्यातही रडर आणि शेपटीचा आडवा पंख हव्या त्या कोनात ठेवणाऱ्या ट्रिमच्या चाकाला यांत्रिक जोडणी ठेवलेली आहे. विजेची सगळी व्यवस्था गेली तरी विमान सावरून धरता यावं म्हणून.

आणि तारा चुकीच्या लागल्या तर संगणकही वाचवत नाही. ११ नोव्हेंबर २०१८ ला पोर्तुगालमध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर एअर अस्तानाचं एम्ब्राएर १९० उडालं. दुरुस्तीत एलेरॉनच्या तारा उलट्या बसल्या होत्या. वैमानिक उजवीकडे वळवतोय आणि एलेरॉन डावीकडे झुकवतायत. वर पंखावरचे स्पॉइलर (त्या बाजूची उचल कमी करणाऱ्या फळ्या) संगणकाच्या हुकमाने बरोबर दिशेला उघडतायत. म्हणजे एकाच पंखावर दोन हुकूम एकमेकांशी भांडत होते. विमान ढगांत गडगडलं, मोठमोठे झोल खात राहिलं. शेवटी वैमानिकांनी नियंत्रण डायरेक्ट मोडवर टाकलं, म्हणजे संगणकाची मधली लुडबूड कमी केली, तेव्हा ते थोडं हातात आलं. उतरण्याचे दोन प्रयत्न फसले, तिसऱ्या वेळी बेजाच्या हवाई तळावर उतरलं. सहाजण होते, सहाही वाचले. मी ही गोष्ट सांगाड्यावर करून दाखवतो. दोन तारांची अदलाबदल करतो आणि मुलाला डोळे मिटून दांडा ओढायला सांगतो. मग डोळे उघडून शेपटीकडे बघायला लावतो. एकदा बघितल्यावर तो मुलगा आयुष्यात कधी "फ्री आहे" एवढंच म्हणून सही करणार नाही. फ्री आहे आणि बरोबर दिशेला आहे, हे दोन्ही तपासेल.

तारेचा ताण हा वेगळाच विषय आहे, आणि संचालकांपैकी कुणी वर्गात बसलं असतं तर मी तो मोठ्या आवडीने सांगितला असता. विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं, तार पोलादाची. उन्हात ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणजे एप्रिलच्या दुपारी तार आपोआप ताणली जाते आणि जानेवारीच्या पहाटे ढिली पडते. म्हणून ताण मोजताना हवेचं तापमान बघावं लागतं, तक्त्यात त्या तापमानापुढे जो आकडा असेल तोच लावावा लागतो. आमचा घोडा लोखंडी, त्याच्यावर हा फरक दिसत नव्हता. मुलांनी स्वतःहून एका बाजूला ॲल्युमिनियमची नळी बसवली, तिच्यावर तार घेतली आणि मार्च ते मे रोज दुपारी टेन्सिओमीटर (तारेचा ताण मोजायचं यंत्र) लावून वहीत आकडे लिहिले. ती वही आपल्या कपाटात आहे. भंगाराच्या वजनात तीही जाईल काय?

दुसरी तक्रार. "संगणकावर चालतात" हे वाक्य आपण असं वापरलं आहे, जणू संगणक आल्यावर माणसाचं समजणं संपलं. मी संगणकाच्या विरोधात नाही. फ्लाय-बाय-वायरने माणसं वाचवली आहेत. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून दोन्ही इंजिनं गेलेलं ए-३२० हडसन नदीत उतरवलं गेलं आणि १५५ च्या १५५ माणसं वाचली. त्यात वैमानिकाचं धैर्य होतं, आणि अखेरच्या क्षणांत वेग इतका कमी असतानाही विमान स्टॉल होऊ (पंखांची उचल सुटून पडू) न देणारा संगणकही होता. असं विमान ६७ अंशांपेक्षा जास्त कलंडू देत नाही, पंख सोसणार नाहीत इतका झटका घेऊ देत नाही. वैमानिक घाबरून दांडा पूर्ण ओढू शकतो. हद्द संगणक सांभाळतो.

सुरक्षितताच नव्हे, उडण्याची कुवतही त्यानेच वाढली. आपल्या तेजसचंच बघा. ते विमान मुळात अस्थिर बनवलं आहे. सोडून दिलं तर ते सरळ उडणारच नाही. पण अस्थिर असल्यामुळेच ते चपळ आहे, कारण सारखं सरळ व्हायला बघणाऱ्या विमानाशी वैमानिकाला झुंजावं लागत नाही. चार वाटांचा डिजिटल नियंत्रण संगणक दर सेकंदाला अनेकदा त्याला सावरतो. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तिथे चाललेलं नियंत्रण प्रणालीचं काम थांबलं, आपल्या शास्त्रज्ञांना परत यावं लागलं. उरलेलं काम त्यांनी इथे बेंगळुरात पुरं केलं आणि ४ जानेवारी २००१ ला तेजस पहिल्यांदा उडालं. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पण संगणक सांगितलेलं करतो, आणि काय सांगितलं आहे हे कळणारा माणूस लागतो. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून बेंगळुरूला आलेलं इंडियन एअरलाइन्सचं नवं ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली. विमान सुस्थितीत होतं. उतरताना नियंत्रण अशा मोडमध्ये होतं की इंजिनं मंदावलेलीच राहिली, वेग घटत गेला आणि ते वेळेत ध्यानात आलं नाही. हे आपल्या राज्यात घडलं आहे.

आणि संगणकाला चुकीची माहिती मिळाली तर? २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स कोसळली. मिळून ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक फार वर जातंय असं एका कोनमापक सेन्सरने खोटंच सांगितलं आणि संगणकाने नाक पुन्हा पुन्हा खाली दाबलं. विमानाला तसे दोन सेन्सर होते. संगणक एका वेळी एकाचंच ऐकत होता. आमच्या सांगाड्यावर दोन पट्ट्या का आहेत, हे नोटीस लिहिणाऱ्याने विचारलं असतं तर हेच उत्तर मिळालं असतं. एका पट्टीला चिकटपट्टी लावून ती वाकडी अडकवायची. एलिव्हेटर आपोआप खाली जातो. खुर्चीत बसलेली पोरगी दोन्ही हातांनी दांडा ओढते, तो ऐकत नाही. "मामा, हे माझं ऐकंनाय!" त्या वाक्यातली भीती मला हवी असते. मग आम्ही प्रोग्रॅम बदलतो : दोन्ही पट्ट्या जुळल्या तरच हुकूम, नाही जुळल्या तर दिवा लावायचा आणि माणसाच्या हातात सोडायचं. बोइंगलाही शेवटी दोन्ही सेन्सर ताडून बघण्याची सुधारणा करावी लागली.

२०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस ए-३२० घराण्यातल्या जगभरच्या सुमारे ६,००० विमानांच्या नियंत्रण संगणकांची दुरुस्ती तातडीने करावी लागली, कारण तीव्र सौर प्रारणाने त्यांच्यातली माहिती बिघडू शकते असं दिसून आलं. त्या रात्री हँगरमध्ये उभं राहून एकेका विमानाचं काम कुणी केलं? आपल्या मुलांसारख्याच मुलांनी केलं. त्यांना नुसतं बटण दाबायला शिकवून भागणार नाही.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त बोचते, कारण ती या मातीची आहे. बेळगावला ओतकाम आहे, मशीनिंग आहे, हायड्रॉलिक्स आहे. उद्यमबाग आणि मच्छेतल्या शेडमध्ये बनलेले पंप आणि व्हॉल्व्ह देशभर जातात. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात जगातल्या मोठ्या विमानांचे सुटे भाग बनतात. महामार्गावरून संकेश्वरला जाताना डावी-उजवीकडे बघत आपण रोज जातो. त्या विमानांच्या नियंत्रणाचा जोर हायड्रॉलिक्सचाच असतो. बहुतेक विमानांत ३,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबावर तेल चालतं; ए-३८० ने तो दाब ५,००० केला, त्यामुळे नळ्या बारीक झाल्या, सिलिंडर लहान झाले आणि वजन वाचलं. मच्छेच्या फिटरला हे सांगितलं की तो लगेच पुढचा प्रश्न विचारतो, सील कुठलं वापरतात?

खानापूरकडची एक मुलगी दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गाला येत होती. आठवडाभर एका कारखान्यात सीएनसीवर काम, शनिवारी इथे. त्या दिवशी मी बेलक्रँक खोलून तिच्या हातात दिला. तिने तो उलटासुलटा केला आणि गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, असलाच एक पीस मी दीड वर्ष झालं काढायलोय. कशाला लागतो ते आज कळलं." तिने बेअरिंगच्या भोकात बोट घालून बघितलं आणि विचारलं, इथे थोडी बर (कापल्यावर कडेला राहणारी धातूची कूस) राहिली तर काय होईल? दीड वर्षात तिला हा प्रश्न पडला नव्हता, कारण ड्रॉइंगवर फक्त मापं असतात.

अशा लहानशा दोषातून काय होतं, याचं उत्तर देताना मी तिला १९ जुलै १९८९ ची गोष्ट सांगितली. युनायटेडच्या डीसी-१० च्या शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची चकती हवेत फुटली. धातू बनतानाच त्यात एक दोष राहिला होता, त्यातून तडा वाढत गेला, आणि तपासणीत तो सुटला. चकतीच्या तुकड्यांनी हायड्रॉलिकच्या तिन्ही व्यवस्थांच्या नळ्या एकदम तोडल्या. तीन व्यवस्था एवढ्यासाठीच ठेवल्या होत्या की एक गेली तर दोन राहतील; पण तिन्हींच्या नळ्या शेपटीत शेजारी शेजारी होत्या. एकही फळी हलेना. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत ते विमान सू सिटीच्या धावपट्टीवर आणलं. २९६ पैकी ११२ माणसं गेली, १८४ वाचली. ओतकामाच्या गावातल्या मुलांना ही गोष्ट ठाऊक नसेल तर कुणाला ठाऊक असायला हवी?

आणि ग्रीसची, म्हणजे वंगणाची, गोष्ट. ३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात पडलं, ८८ जण गेले. शेपटीचा आडवा पंख वरखाली करणारा एक लांब स्क्रू असतो, त्याच्या नटाचे आटे ग्रीसअभावी झिजून गेले होते. संगणक नाही, सेन्सर नाही. एक ग्रीसगन आणि ती वेळेवर मारणारा माणूस कमी पडला. आमच्या घोड्यावर असाच एक छोटा स्क्रूजॅक आहे. एक बाजू ग्रीस लावून, एक कोरडी, दोन्ही हजार वेळा फिरवून झालेले दोन नट मी काचेच्या बरणीत ठेवले आहेत. नवीन बॅचला पहिल्या शनिवारी ती बरणी हातात देतो.

चौथी तक्रार भाषेची. आपल्यापैकी एका संचालकांनी मला सांगितलं की मराठीत शिकवल्याने उगीच वाद होतो, आता सगळं इंग्रजी पडद्यावरच असेल. या भागात भाषेवरून काय काय झालं आहे ते मी माझ्या आयुष्यात पाहिलं आहे आणि त्याचं दुःख मला आपल्याइतकंच आहे. पण आमच्या वर्गात वाद कधी झाला नाही. मी मराठीत सांगतो, गोकाककडचे माझे एक जुने विद्यार्थी तेच कन्नडमध्ये सांगतात, निम्म्या मुलांना दोन्ही कळतं. एलिव्हेटरला एलिव्हेटरच म्हणतो, रडरला रडरच. पण तो का उठतो, उठल्यावर शेपटी खाली का जाते, हे माणसाला ज्या भाषेत स्वप्नं पडतात त्या भाषेत सांगावं लागतं. हँगरमध्ये पुस्तिका इंग्रजीतच वाचावी लागणार, हे मलाही माहीत आहे. म्हणून शेवटचा अर्धा तास आम्ही तीच वाचतो. आधी समजलेलं असलं की इंग्रजी वाक्य सुटत जातं. न समजताच पाठ केलं तर परीक्षा सुटते आणि टर्नबकल राहून जातो.

पाचवी तक्रार एवढीच की कुणी विचारलं नाही. मला नाही, मुलांना नाही, ज्या वर्कशॉपनी सामान दिलं त्यांनाही नाही.

संगणक कक्ष नको असं मी कुठेही म्हणत नाही. आपण सिम्युलेटर आणा, मी पहिला त्याच्यापुढे बसेन. पण तो सांगाड्याच्या शेजारी असू द्या, त्याच्या जागी नको. मुलाने आधी तारेचा जोर हाताला घ्यावा, मग हायड्रॉलिकने तो जोर कसा नाहीसा होतो ते बघावं, मग दांडा नुसता सेन्सर झाल्यावर हाताला काहीच कळत नाही हे अनुभवावं. एअरबसच्या साइडस्टिकमध्ये तसंच आहे; एका वैमानिकाने स्टिक ओढली तर ती शेजारच्याच्या हाताला जाणवत नाही. ते चांगलं की वाईट यावर जाणकारांत मतं आहेत. आमची मुलंही त्यावर भांडतात, आणि कशावर भांडायचं हे त्यांना कळतं ते तिन्ही अवस्था हाताने केल्यामुळेच.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सांगाडा आणि त्याचं सगळं साहित्य विकण्याचा ठराव पुढच्या बैठकीत मागे घ्यावा, आणि तोपर्यंत भंगारवाल्याला आवारात येऊ देऊ नये. जागा खरंच कमी पडत असेल तर मागच्या शेडमध्ये तो हलवावा. उचलण्याचा आणि पुन्हा जोडण्याचा खर्च आणि मेहनत आम्ही माजी विद्यार्थी मिळून करू.

शनिवारचा वर्ग मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत चालू राहावा आणि तो वेळापत्रकात लिहिला जावा. आजवर तो माझ्या मर्जीवर चालला. माझं वय ६३ आहे. माझ्यानंतर तो कुणाच्या मर्जीवर असू नये.

कार्यशाळेच्या समितीवर हवाई दलातून किंवा विमान देखभालीतून आलेला एक माणूस आणि स्थानिक हायड्रॉलिक्स उद्योगातला एक माणूस घ्यावा. मला घ्यावं असा माझा आग्रह नाही.

नवीन संगणक कक्षात जे शिकवाल त्यात नियंत्रण बिघडण्याचे पाठ हवेत : सेन्सर खोटं बोलला तर, एक हायड्रॉलिक गेलं तर, तारा उलट्या लागल्या तर. फक्त विमान वर नेऊन उतरवण्याचा खेळ नको.

आणि या पत्राला लेखी उत्तर द्यावं. नकार असला तरी चालेल, पण कारणासह.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की कुणीही संस्थेत जाऊन गोंधळ करू नये, कुणाबद्दल वेडंवाकडं लिहू नये. संचालकांतल्या काहींनी हीच संस्था आपल्या खिशातले पैसे घालून उभी केली, हे मी विसरलेलो नाही. त्यांना भेटा, आपल्या मुलाला काय शिकायला मिळालं ते सांगा.

येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता मी नेहमीप्रमाणे कार्यशाळेत येतो आहे. पाऊस तोंडावर आला आहे, हवा गार झाली की तारा ढिल्या पडतील. ॲल्युमिनियमच्या नळीवरच्या तारेचा ताण घ्यायचा राहिला आहे. संचालकांपैकी जमेल त्यांनी यावं, खुर्चीत बसावं, दांडा हातात घ्यावा. टेन्सिओमीटर कसा लावायचा ते मुलं दाखवतील.

आपला,
सांबऱ्याजवळ राहणारा एक निवृत्त एअरफ्रेम फिटर